नमुन्याचा कापूस

देवघराच्या खालच्या खणात काय ठेवायचं नि काय नाही, हे आमच्या घरी कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या खणात असेल ते देवाचं, एवढं मला कळायला लागल्यापासून ठाऊक. उदबत्त्या, कापूर, अष्टगंधाची डबी आणि वातींचा कापूस. कापूस तर बारा महिने तिथेच. म्हणून त्या वर्षी दसऱ्यानंतर खणात मांजरपाटाची एक लहानशी पिशवी दिसली, तोंड सुतळीनं बांधलेलं, गाठीवर लाल लाखेचा ठिपका, आणि दाबून पाहिल्यावर आत कापूस लागला, तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही. वाटलं, दादांनी धारहून देवासाठी चांगला कापूस आणला. लाख मी बत्त्यानं ठेचून फोडली. आतला कापूस इतका पांढरा नि मऊ की मला आनंदच झाला.

दादा म्हणजे माझे वडील. देवासला संस्थान होतं तेव्हा आमचे आजोबा फरासखान्यात होते, नि मग दादाही तिथेच लागले. फरासखाना म्हणजे तंबू, सतरंज्या, गाद्या-लोड, रजया, सगळं अंथरूण-पांघरूण सांभाळायचं खातं. संस्थान गेलं, फरासखाना गेला, दादांच्या हातात राहिलं काय, तर गादी कशी भरावी आणि रजईत कापूस सारखा कसा पसरावा एवढं. त्यावरच आमचं घर चाललं. दोन खोल्या आणि पुढे लांब पडवी. पडवीत सगळीकडे कापूसच कापूस. भाकरीत कापूस, पाण्याच्या हंड्यावर कापूस, आईच्या भुवयांवर कापूस. हिवाळ्यात हुसेनचाचा पिंजारी यायचे आपली धुनकी घेऊन. ती धुनकी म्हणजे मोठं धनुष्यच, छताला टांगायची, तांतेवर, म्हणजे तिच्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी मोगरीनं ठोका मारायचा, की तुंग-तुंग-तुंग असा आवाज सगळ्या आळीत जायचा. मी त्या आवाजात अभ्यास करायची. सहावीत होते. पाढे मी त्याच ठेक्यावर पाठ केले, अजून म्हटले तर डोकं तसंच हलतं.

माझी नात हे लिहून घेतेय. ती शिकली हिंदी शाळेत, म्हणून दर चार शब्दांनी थांबते. "आजी, मांजरपाट क्या होता है?" म्हटलं, बिनरंगाचं जाडं कापड, तू लिही पुढे.

त्या वर्षी बागलीकडच्या एका मोठ्या घरचं काम आलं होतं. मुलीचं लग्न माघात. तीस रजया, पंधरा गाद्या. एवढं मोठं काम दादांना आधी कधी मिळालं नव्हतं. दादा खुश. त्यांनी धारच्या एका सेठकडे सौदा केला. गेंदालाल त्यांचं नाव. नवीन मोसमाची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, सहा पोती, आमच्याकडे बोरे म्हणतात. कागद झाला, त्यात लिहिलं की माल नमुन्याप्रमाणे येईल. आणि सेठनं तो नमुना पिशवीत बांधून वर आपली मोहोर केली. त्या धंद्यात तशीच रीत. माल आला की पिशवी उघडायची, दोन्ही कापूस शेजारी ठेवायचे, फरक पडला तर सेठनं ऐकून घ्यायचं. दादांनी घरी येऊन ती पिशवी सगळ्यात सांभाळून ठेवायची जागा कोणती ते पाहिलं, आणि देवाखाली ठेवली. आईला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. फरासखान्यात किल्ल्या अशाच देवाखाली ठेवायचे म्हणे.

आणि मी त्याची त्रिपुरवात केली.

आमच्याकडे कार्तिकी पुनवेला, त्रिपुरी पौर्णिमेला, देवळात साडेसातशे पदरांची वात जाळायची. कापसाचा पेळू करायचा, त्यातून केसासारखं सूत ओढायचं, नि चार बोटांवर मोजत गुंडाळत जायचं. आईचा तो नेम होता. पण तिची बोटं सुईनं भरून यायची, म्हणून दोन वर्षांपासून वात मीच करायची. त्या कापसाचं सूत असं निघालं, असं निघालं, की तुटेचना. एका ओढीत हातभर. मी चार दुपारी बसून वात केली, पितळी डब्यात ठेवली, आणि आईला दाखवली. आई म्हणाली, "शकू, यंदा छान जमली गं." मला तर काय, आकाशच ठेंगणं.

दिवाळी झाली, पाडव्यानंतर बोरे आले. गाडीवाल्यानं पडवीत उतरवले. आई म्हणाली, "एखादा उघडून बघा ना." दादांनी तिच्याकडे असं पाहिलं जसं ती काही वाईट बोलली. म्हणाले, "देणाऱ्याच्या माणसासमोर बोरा फाडायचा? आमच्याकडे अशी रीत नव्हती." गाडीवाला उभाच होता, "भिया, साइन कर दो, निकलना है." दादांनी कागदावर सही केली, माल बरोबर मिळाला म्हणून. वर त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी हुसेनचाचांनी पहिला बोरा फोडला. वरचा थर चांगला होता. धुनकी लावली, तुंग-तुंग सुरू झालं. मी शाळेची फ्रॉक घालत होते. आणि मधेच आवाज बदलला. तुंग नाही, थप. थप-थप. ओल्या भिंतीवर हात मारावा तसा. चाचा थांबले, परत मारलं, परत थप. त्यांनी बोऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मळकट, पिवळट, तुकडे-तुकडे झालेला कापूस. कुणाच्या तरी जुन्या गाद्यांचा, मशीनमधून काढलेला. चाचांनी त्याचा वास घेऊन बघितला. म्हणाले, "बाईसाब, यो रुई बोल नी री. मरी हुई है." मग दुसरा बोरा, तिसरा. सगळ्यांना वरून नवीन कापसाची टोपी आणि खाली तेच.

आई खाली बसली. तीस रजया त्या कापसानं भरल्या असत्या तर महिन्यात गोळे होऊन कोपऱ्यात जमा झाल्या असत्या, आणि लग्नघरात देवासच्या फरासांचं नाव निघालं असतं. न भरल्या तर काम गेलं, आणि अख्ख्या हिवाळ्याचं खाणं गेलं. पण दादा शांत होते. मला तो त्यांचा शांत चेहरा अजून दिसतो. म्हणाले, "घाबरू नका. मोहोरेचा नमुना आहे आपल्याकडे." आणि देवघरात गेले.

खण उघडल्याचा आवाज आला. मग उदबत्त्यांचा पुडा काढून ठेवल्याचा. मग कापराची डबी. मग काहीच नाही. मला वाटलं, जमीन फाटावी. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, तो कापूस मी वातीला घेतला."

त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलं. ते तिथेच देवासमोर बसले नि पिशवीबद्दल विचारलं. पिशवी मी धुऊन तिच्यात हळकुंडं ठेवली होती. आईनं ती आणली. लाखेचे दोन तुकडे अजून सुतळीला चिकटलेले होते, मोहोरेचं अर्धं अक्षर एकावर, अर्धं दुसऱ्यावर. दादा म्हणाले, "संपलं. सही माझी आहे, नमुना राहिला नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?"

हुसेनचाचा पडवीत धुनकी उतरवत होते, तेवढाच खुडखुड आवाज. मग आई उठली, फळीवरचा पितळी डबा काढला, वात बाहेर काढून उजेडात धरली. म्हणाली, "सही तुमची आहे ना. माझी नाही. मी जाते."

"बायका जात नाहीत सेठकडे."

"शकूपण येईल."

पुनवेला चार दिवस होते. मी म्हटलं, "आई, वात नेलीस तर देवळात काय जाळायचं?" तिनं वात परत डब्यात ठेवली. तिचा नेम लग्नापासून कधी चुकला नव्हता.

सकाळच्या बसनं आम्ही निघालो. इंदूरला बस बदलायची. आईनं दशम्या केल्या होत्या, दुधात मळलेल्या, आणि लसणाचा ठेचा. मांडीवर पिशवी, तिच्यात डबा, लाखेचे तुकडे, कागद, आणि एका फडक्यात बोऱ्यातला मेलेला कापूस. बसमध्ये तिनं मला विचारलं, "कागदात काय लिहिलंय, परत वाच." आईला वाचता येत नव्हतं. मी हिंदीतलं वाचून मराठीत सांगितलं. इंदूर सुटल्यापासून धार येईपर्यंत तिनं चारदा वाचून घेतलं. त्याच बाजूला आता पीथमपूर झालंय, माझा मुलगा रोज शिफ्टच्या बसनं जातो, सगळे कारखानेच कारखाने. तेव्हा नुसती शेतं होती, काळी, नांगरलेली, आणि मला वाटत होतं की बस अशीच चालत राहावी, धार येऊच नये.

सेठचं दुकान मोठं होतं. पांढरी गादी, लोड, मागे कापसाचा ढीग छतापर्यंत. दोन-तीन दलाल बसून पोहे खात होते, वर शेव घालून. सेठ बोलायला गोड. "आओ बाईसाब, बिराजो. कईं सेवा करूँ?" आई गादीवर बसली नाही, खाली सतरंजीवर बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि फडकं उघडलं. "सेठजी, ये आपका माल."

सेठनं चिमूट उचलली, बघितली, ठेवली. "म्हारो नी है. रास्ते में किसी ने बदल दियो होगा. आपके साब ने तो साइन करके लियो." आणि दादांच्या सहीचा कागद काढून दाखवला. मग हसून म्हणाला, "नमूना लाए हो? मोहर वाला? वो दिखा दो, बात खतम."

आईनं लाखेचे तुकडे ठेवले आणि त्यांच्या शेजारी वात. एक दलाल पोहे खाता खाता खोकला. म्हणाला, "लो सेठ, मराठों ने तुम्हारे नमूने की आरती उतार दी!" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "फरासखाना बंद हो गयो पर ठाठ नी गयो, बाई लोग सौदा करने आने लगी." आई त्यांच्याकडे बघतही नव्हती.

सेठ म्हणाला, "बत्ती तो कईं पण रुई की बन जाय, बाईसाब. या किको सबूत?"

आई म्हणाली, "कोणत्याही रुईची बनते?" ती घाबरली की हिंदी सोडून मराठीत यायची. मग सावरून म्हणाली, "तो ठीक है. मेरी लडकी यहीं बैठती है. आपके बोरे की रुई से बत्ती बना के दिखाए तो मैं उठके चली जाती हूँ. नहीं बनी, तो आपके पीछे जो ढेर है, उसमें से एक मूठ दो."

सेठला नाही म्हणता आलं नाही, कारण दलालांनी पोह्यांच्या पुड्या बाजूला ठेवल्या होत्या. त्यांना आता मजा यायला लागली होती.

मी बसले. फडक्यातला कापूस घेतला, पेळू केला, ओढला. दोन बोटं आलं आणि तुटलं. परत ओढलं, तुटलं. मुद्दाम तोडते असं त्यांना वाटू नये म्हणून मी जीव लावून, हळू हळू, आजारी माणसाचा हात धरावा तसं धरून ओढलं. तुटलंच. माझ्या फ्रॉकवर नुसता भुगा. म्हातारे दलाल होते एक, त्यांनी स्वतः खाली येऊन ओढून पाहिलं आणि हात झटकले. मग सेठच्या मुनीमानं ढिगातली मूठ दिली. ते सूत सुटलं ते हातभर आलं, मग अजून हातभर. आईनं त्रिपुरवातीचं एक टोक सोडलं, माझ्या सुताशेजारी धरलं. तीच जात, तोच रंग, तीच लांबी. म्हातारे दलाल म्हणाले, "गेंदालालजी, अब रेन दो. थारी ही रुई है."

सेठचं हसू गेलं, पण गोडवा गेला नाही. अशा माणसांचा जात नाही. म्हणाला, गलती गोदामवाल्याची असेल. पाच बोरे वापस घेतो. धुनकायला घेतलेला सहावा तुमचा. नवीन रुई देतो, तीन बोरे लगेच आणि दोन माघाच्या आत. पण सहीचा माल मी कधी वापस घेतला नाही, बाजारात माझं पण नाव आहे, म्हणून माझीही एक शर्त. ह्या हिवाळ्यात माझ्या दुकानाच्या रजया तुम्ही भरायच्या. आठवड्याला आठ. सिलाई, म्हणजे मजुरी, अर्धी.

आई म्हणाली, "आठ माझ्या एकटीच्यानं होणार नाहीत. सहा."

सेठनं माझ्या बोटांकडे बघितलं. "छोरी का हाथ तो आपसे अच्छो है. आठ."

"सात. ये पढती है."

"आठ, बाईसाब. नी तो सहीवालो कागज है म्हारे पास."

मागे आमच्या घरात तीस रजयांचं कापड शिवून पडलं होतं, रिकाम्या खोळी. आई मुनीमाकडे वळली. म्हणाली, "लिख दो."

मुनीमानं नवा कागद लिहिला. सेठनं तो आईपुढे सरकवला. तिनं तो माझ्याकडे दिला. "वाच."

मी मोठ्यानं वाचलं. पाच बोरे वापस. तीन बोरे रुई, नमुन्याप्रमाणे, आणि ह्यावेळी नमुना दोन पिशव्यांत, एक सेठकडे एक आमच्याकडे, हे आईनं घालून घेतलं होतं. दोन बोरे माघाआधी. आठवड्याला आठ रजया, सिलाई अर्धी. आणि शेवटी एक ओळ होती, बोलताना सेठनं जी म्हटली नव्हती. "माँ-बेटी दोनों रोज बैठेंगी."

मला ती ओळ दिसली तेव्हा मी अजून वरची ओळ वाचत होते. त्या एका श्वासात मला सगळं कळलं. ती ओळ न वाचता कागद दिला असता तर आईनं अंगठा दिलाच असता, पण तिला माहीत नसतं. आणि माहीत नसल्यावर मला म्हणता आलं असतं, मी नाही बसत, मी शाळेत जाते. पण ह्याच हातांनी मी लाख फोडली होती. मी वाचली. आवाज मात्र बारीक झाला, तर आई म्हणाली, "ऐकू नाही आलं." मी परत वाचली.

आईनं अंगठा दिला.

आता नात फोनवर ड्रेस मागवते, वाईट निघाला की बटण दाबते, माणूस येऊन घेऊन जातो. मी तिला विचारलं, त्याला काय द्यावं लागतं? म्हणाली, "कुछ नहीं आजी." चांगलं झालं.

परतीच्या बसमध्ये आम्ही दशम्या खाल्ल्या. भूक लागली होती. बेटमा गावाच्या पुढे कुठेतरी आई म्हणाली, "ती ओळ तू सोडली असतीस तर मला कळलं नसतं."

मी म्हटलं, "हो."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चाचपत राहिली, सुतात गाठ आहे का बघावी तसं. इंदूर येईपर्यंत.

दादांनी कागद वाचला आणि घडी घालून देवाखाली ठेवला. त्या दिवसापासून ते आलेला प्रत्येक बोरा गाडीवाल्यासमोर फोडायचे, चाकू आपल्याच हातानं लावायचे, आणि दर वेळी त्यांची मान खाली असायची. पुनवेला आईनं त्या सोडलेल्या वातीची टोकं परत वळली आणि देवळात नेली. नीट जळली नाही. मध्ये एकदा फडफडली, तर आई हात जोडून उभीच राहिली, पूर्ण होईस्तोवर. घरी येताना म्हणाली, "देवाला काय, कळतं त्याला." पण नंतर कितीतरी वर्षं पुनवेला ती दोन वाती जाळायची, एक त्या वर्षाची म्हणून.

बागलीच्या रजया माघात गेल्या. नाव झालं. पुढच्या वर्षीही काम आलं. सेठच्या रजया आम्ही होळीपर्यंत भरल्या. तोवर वार्षिक परीक्षा झाली होती. माझ्या वर्गातल्या मुली सातवीत गेल्या, आणि लहान मुलींच्यात जाऊन बसायची मला लाज वाटली. दादा एकदा म्हणाले, "जा की आता." मी म्हटलं, "बघू." मग राहिलंच.

पण मला आठवतो तो दिवस त्याच्या आधीचा. धारहून नवे तीन बोरे आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी हुसेनचाचांनी धुनकी टांगली. मी आईशेजारी खोळ घेऊन बसले होते, फ्रॉक साधीच होती, शाळेची नाही. चाचांनी पहिला ठोका मारला. तुंग. दुसरा. तुंग. सगळ्या आळीत गेला. चाचा हसले, "सुनो बाईसाब, अब बोली." तेवढ्यात खालच्या रस्त्यावर शाळेची घंटा झाली. आईची सुई थांबली. मी म्हटलं, "दोरा दे," आणि तिनं दिला.